विहिरीपलीकडचे तुमचे गुलाब

नाना, तुमच्या ओळीवर भुरी पडली आहे.

दुसरं काही सांगण्याआधी हे सांगतो, कारण तुम्हीही आधी हेच विचारलं असतंत. कोवळ्या पानांवर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर आहे, पानं कडांनी आत वळली आहेत आणि विहिरीजवळच्या झाडांवर तर ती कळ्यांच्या देठापर्यंत चढली आहे. थंडी यंदा लवकर आली. दिवसा कोरडं ऊन, पहाटे दव. भुरीला याहून जास्त लाड लागत नाहीत.

तुम्ही गेलात त्याला महिना होऊन गेला. लोक विचारतात, "पंत, कसं काय?" मी "ठीक" म्हणतो, आणि खरंच ठीक आहे. रडू आलेलं नाही. कचेरीत जातो, कागद उतरवतो, अक्षर बिघडलेलं नाही. परवा आमटीत मीठच नव्हतं आणि मी भुरके मारून जेवलो. आमच्या कुटुंबानं पहिला घास घेतला तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून मला ते कळलं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो ना, तसं सगळं आहे. चिमटा काढला तर पाय आपलाच आहे हे समजतं, पण लागत नाही. तुम्ही यावरही एखादा काढा दिला असतात, आणि तो कडूच असता.

हे कुणी तिऱ्हाइतानं वाचलं तर त्याला कळावं म्हणून तुम्हाला माहीत असलेलंच लिहितो. तुम्ही वैद्य, मी दप्तरातला कारकून. बुधवार पेठेत आपली घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. दोन्हींची मागची दारं एकाच परसात उघडतात आणि परसाच्या मधोमध विहीर. विहिरीच्या अलीकडे माझी गुलाबांची ओळ, पलीकडे तुमची. कलमं दोन्हीकडची एकाच झाडाची. बिबवेवाडीच्या मळ्यातून ओल्या गोणपाटात गुंडाळून आपण दोघांनीच ती आणली होती. तुम्हाला गुलकंदाला पाकळ्या हव्या होत्या, मला देवाला फुलं. येताना पर्वतीच्या पायथ्याशी आपण दम खायला बसलो आणि तिथंच पहिलं भांडण झालं: कलमं निम्मीनिम्मी वाटायची की आधी लावून मग वाटायची. आधी वाटली. तुमचं म्हणणं, नाहीतर जगलेली सगळी माझी आणि मेलेली तुमची असा निवाडा कारकून लोक बरोबर करतात.

तुम्ही मला "कारकून" म्हणायचात. मी तुम्हाला भांडण नसताना "नाना" म्हणायचो आणि भांडण असताना "वैद्यबुवा". पेठेत बऱ्याच लोकांना तुमचं नाव नाना आहे हे ठाऊकच नव्हतं.

गुलाबावर सुरुवातीला काही आलं नाही. मग एका श्रावणात माझ्या ओळीतल्या खालच्या पानांवर काळे ठिपके दिसले. गोल, कडेला झालर असल्यासारखे. ठिपक्याभोवती पान पिवळं पडायचं आणि हात लावला की गळून यायचं. भाद्रपद संपेस्तोवर दोन्ही ओळी नुसत्या काट्यांच्या उरल्या. हडपसरचा सखाराम शेणखताची गाडी घेऊन आला होता. त्यानं विहिरीला वळसा घालून दोन्ही ओळी पाहिल्या, नाक धरल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाला, "उपटून टाका की. वांगी लावा. वांगी खायला तरी येत्यात."

तुम्ही त्याला खोकल्याचं औषध देत होतात. त्या दिवशी त्याची पुडी तुम्ही मुद्दाम उशिरा बांधलीत.

मी ठरवलं की हा रोग पानातून पानात जातो. खाली पडलेलं पान कुजतं, पावसाचा थेंब त्यावर आपटतो आणि घाण उडून वरच्या पानाला लागते. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण अंगणात उभं राहून पाऊस पाहिला की दिसतं. म्हणून मी ठिपक्याची पानं खुडायला लागलो. पडलेली वेचून चुलीत घातली, खतात टाकली नाहीत. मधल्या फांद्या कापून झाड उघडं केलं, म्हणजे वारा आरपार जाईल आणि पानं लवकर वाळतील. पाणी सकाळीच आणि बुंध्याशी, पानांवर थेंब नाही. कापलेल्या टोकांना शेणाचा लेप. आमच्या कुटुंबाला हे सगळं पाहून वाटलं की मला कचेरीतून काढून टाकलं आहे.

तुम्ही मागच्या दारात उभे राहून हे बघत होतात. शेवटी म्हणालात, "कारकून, रोग्याचा हात दुखतो म्हटल्यावर तुम्ही हात कापता का हो?"

मी म्हणालो, "सडला असेल तर कापतात."

"पान म्हणजे झाडाचं तोंड आहे. तोंडं खुडून ठेवता आणि मग म्हणता, जेव बाळा."

"मग तुम्ही काय करणार? नाडी बघणार?"

तुम्ही नाडी नाही पाहिलीत, पण पान चुरगळून वास घेतलात, ठिपका नखानं खरवडलात आणि जाहीर केलंत की हा नायटा आहे. माणसाच्या कातडीला होतो तो पानाला झाला आहे, आणि नायट्याला गंधक. त्याच दिवशी तुम्ही खलात गंधक घोटायला बसलात. पिवळी धूळ तुमच्या पगडीवर, भुवयांवर, उपरण्यावर. पेठेत त्या आठवड्यात ज्याला त्याला वाटत होतं की वैद्यबुवांनाच खरूज झाली.

तुमची पहिली चूक मी तुम्हाला कधी विसरू दिली नाही. मलमलीच्या फडक्यात गंधक बांधून तुम्ही ते झाडांवर टपटप आपटलंत, ते भर दुपारी. ऊन असं होतं की विहिरीचा दगड पायाला चटके देत होता. दोन दिवसांत तुमच्या ओळीची पानं कडांनी भाजल्यासारखी तपकिरी झाली. मी विहिरीच्या अलीकडून म्हणालो, "वैद्यबुवा, नायटा गेला. रोगीही गेला."

मग तुम्ही शोधून काढलंत की गंधक पहाटे मारायचं, पानावर दव असताना, म्हणजे ते चिकटून बसतं, आणि उन्हं तापायच्या आत आपलं काम करून मोकळं होतं. पातळच मारायचं, पान पिवळं दिसता कामा नये. पुढच्या थंडीत तुमच्या ओळीवर भुरी आली आणि दोन वेळा गंधक मारल्यावर गेली. ती गेली त्या सकाळी तुम्ही मला विहिरीशी बोलावलंत. मी पानं पाहिली. खरं सांगायचं तर पानं स्वच्छ होती. मी हळूच म्हणालो, "बरी दिसतात."

"मोठ्यानं बोला, ऐकू आलं नाही," तुम्ही म्हणालात.

ते तुमचं नेहमीचं. कुणी कबूल झालं की तुम्हाला ते दोनदा ऐकायचं असायचं. रोगी म्हणाला "बरं वाटतं", की तुम्ही म्हणायचात "मोठ्यानं बोला". वहिनी म्हणाल्या "चुकलं माझं, मीठ जास्त पडलं", की तुम्ही ताटावरून मान वर करून तेच. त्या वेळी मला याचा फार संताप यायचा.

वाद मिटला नाहीच. माझी ओळ बरी राहिली की मी म्हणायचो, खुडल्यामुळे. तुम्ही म्हणायचात, वारा माझ्या गंधकाची धूळ तुमच्याकडे आणतो, फुकटचं औषध खाता. तुमची ओळ बरी राहिली की तुम्ही म्हणायचात, गंधक. मी म्हणायचो, माझ्या ओळीतला रोगच संपला मग तुमच्याकडे जाणार कुठून? असं किती पावसाळे आणि किती हिवाळे चाललं हे आता सांगताही येत नाही. माझे केस पांढरे झाले आणि तुमचे गेले.

यंदा दसऱ्यानंतरच्या छाटणीला तुम्ही कात्री खाली ठेवलीत आणि पैज लावलीत. ज्यानं त्यानं आपापल्या ओळीला आपापलंच औषध करायचं. मी गंधकाला हात लावायचा नाही, तुम्ही एकही पान खुडायचं नाही, आणि कुणीही दुसऱ्याच्या ओळीला बोट लावायचं नाही. संक्रांतीच्या सकाळी दोन्ही ओळी तपासायच्या. ज्याची पानं खराब, त्यानं तुमच्या दवाखान्याच्या ओट्यावर उभं राहून, रोगी बसलेले असताना, म्हणायचं: "माझं चुकलं."

"संक्रांतीला नाहीतरी गोड बोलायचं असतंच," तुम्ही म्हणालात. "तुम्हाला सोपं जाईल."

आपण दोघं त्या दिवशी खूश होतो, नाना. हे आठवतं आणि ते आठवूनही मला काही होत नाही.

कार्तिक सरता सरता तुम्हाला ताप आला. तुम्ही स्वतःला औषध देत होतात आणि स्वतःशीच वाद घालत होतात. मी रोज संध्याकाळी कचेरीतून तुमच्याकडे यायचो. पहिले काही दिवस तुम्ही विचारायचात, "भुरी आली?" मी म्हणायचो, "माझ्याकडे नाही." तुम्ही हसायचात. त्या हसण्याचा अर्थ मी वेगळा लावला. मला वाटलं, तुम्ही माझ्या बढाईला हसता आहात.

मग तुम्ही तेच तेच एक वाक्य बोलायला लागलात. "पानं उलटून बघत जा, कारकून." मी म्हणालो, बघतो. थोड्या वेळानं पुन्हा, "उलटून बघा." वहिनी पाणी पाजत होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, तापात आहात, आयुष्यभर लोकांना पथ्य सांगितलं तेच तोंडात आलं आहे. मी तुमच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "बरे व्हा, मग भांडू." तुमच्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य हेच. चांगलं वाक्य आहे. बदलावं असं वाटत नाही.

दहाव्याला मी तुमच्या पुतण्याबरोबर नदीवर ओंकारेश्वराच्या घाटावर होतो. पिंड मांडले. कावळे समोरच्या झाडावर भरपूर होते, पण एकही खाली येईना. तुम्हाला माहीत आहे, असं झालं की गेलेल्याचं कशात तरी मन अडकलं आहे असं धरतात आणि जमलेले लोक एकेक वचन द्यायला लागतात. पुतण्या म्हणाला, "काका, काकूंना मी सांभाळीन." कावळा नाही. कुणी म्हणालं, "नाना, मुलीचं माहेरपण तुटू देणार नाही." कावळा नाही. कुणी औषधाच्या खलांचं बोललं, कुणी काशीचं बोललं. ऊन चढत गेलं. गुरुजी एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "पंत, तुम्ही काही म्हणता का? तुमचा घरोबा होता."

मला ठाऊक होतं काय म्हणायचं ते. तुमची ओळ मी बघतो, एवढंच. जीभ हलली नाही. एक तर एवढ्या लोकांत गुलाबाचं बोलायची लाज वाटली. दुसरं, पैजेप्रमाणे मला तुमच्या ओळीला बोट लावायचं नव्हतं, मग वचन कसलं द्यायचं? तिसरं म्हणजे मला काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नसताना माणसानं अशा ठिकाणी बोलू नये असं मला वाटलं. मी मान हलवून नाही म्हणालो. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे उठले. जाताना पाठीमागे खरे कावळे खाली उतरल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी मी माझ्या ओळीत काम करत होतो आणि विहिरीपलीकडे बघत होतो. तुमच्या घरात सुतक होतं तोवर फुलाला कुणी हात लावला नाही. उमललेली फुलं झाडावरच सुकली, पाकळ्या खाली पडून तांबड्या-काळ्या झाल्या. सुतक फिटलं तरी कुणी आलं नाही. पुतण्या गावी गेला. वहिनी आता मागच्या दाराबाहेर फारशा येत नाहीत. काही लागलं तर दाराआडून आमच्या कुटुंबाशी बोलतात. आधी एका झाडावर पांढरं दिसलं, मग शेजारच्या. तुमची झाडं दाट, मधल्या फांद्या तुम्ही कधी कापू दिल्या नाहीत, वारा आत जायला वाट नाही. गंधकाशिवाय ती उघडी पडली होती. अशाच दोन-चार थंड पहाटा गेल्या असत्या तर सगळ्या कळ्या गेल्या असत्या, आणि पुढचा पावसाळा त्या झाडांनी काढला असता की नाही याची मला शंका होती.

माझी ओळ स्वच्छ होती. मी जिंकत होतो. समोर कुणी नसताना जिंकणं काय असतं हे तुम्हाला सांगून कळायचं नाही, कारण तुम्ही कधी एकट्यानं जिंकला नाहीत. तुम्हाला ऐकणारा लागायचा.

गेल्या आठवड्यात एका सकाळी विहिरीच्या काठावर तुमची मलमलीची पुरचुंडी आणि गंधकाचा डबा ठेवलेला दिसला. तुमच्या मागच्या दाराची एक फळी उघडी होती.

"घरात ठेवून मी काय करू त्याचं?" वहिनी आतून म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच कोरडा. मग म्हणाल्या, "त्यांची ओळ जगेल का हो?"

मी म्हणालो, "वहिनी, पैजेत ठरलं होतं की..."

"पैज लावणारा गेला, पंत," त्या म्हणाल्या. दार लागलं.

मी डबा उघडला. तुमचा वास आला. म्हणजे गंधकाचा, पण तो तुमचाच वास होता. तुमच्या उपरण्याला, तुमच्या बैठकीला, तुम्ही दिलेल्या सुपारीलासुद्धा तोच यायचा. मला वाटलं आता काही होईल. झालं नाही. मी पुरचुंडी भरली आणि विहिरीला वळसा घालून पहिल्यांदा तुमच्या ओळीत शिरलो.

किती मारायचं ते मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी तुम्हाला त्यावरून टोमणे मारले, पण हात कसा हलवता ते नीट कधी पाहिलं नव्हतं. म्हणून मी तुमच्या झाडाची जुनी पानं उलटून पाहिली. खालच्या बाजूला, शिरांच्या कडेला आणि देठाच्या बेचक्यात पिवळी बारीक धूळ अजून होती. पाऊस नाही, ती राहणारच. बरं, एवढं मारायचं तर, असं मनात म्हणालो. आणि नुसतं ताडून बघायला, बिनगंधकाचं पान कसं दिसतं ते बघायला म्हणून, इकडे येऊन माझ्या ओळीतलं एक पान उलटलं.

पिवळं.

वाऱ्यानं आलं असेल म्हणून दुसरं उलटलं. भिंतीकडचं, अगदी टोकाच्या झाडाचं उलटलं. मधल्या फांद्यांतलं, जिथं वाराही सरळ पोचत नाही तिथलं उलटलं. सगळीकडे होतं. वरून एक कण नाही, सगळं खालून. मी रोज पानाची वरची बाजू बघतो, ठिपका वरच दिसतो. हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं.

मग मला पहाटेच्या शिंका आठवल्या. दसऱ्यानंतर कितीदा तरी मी अंथरुणात पडल्या पडल्या परसातून तुमची शिंक ऐकली होती आणि कुशीवर वळत म्हटलं होतं, लागले वैद्यबुवा आपल्या उद्योगाला. ती शिंक विहिरीच्या या बाजूनं येत होती की त्या, हे झोपेत कोण बघतो?

मी तुमच्या दाराशी गेलो आणि विचारलं, "वहिनी, नाना माझ्या ओळीलाही गंधक मारत होते?"

दाराची फळी किलकिली झाली. मग त्या म्हणाल्या, "मारायचे. मी म्हटलं होतं, मग पैज कसली? तर म्हणाले, रोगी समोर, औषध माझ्या हातात, आणि मी काय पैजेसाठी पाठ फिरवून बसू? म्हणाले, पंतांना सांगू नकोस. जिंकले तर जिंकू देत. फार दिवसांत जिंकले नाहीत."

नाना, मला राग आला. तुम्ही गेल्यापासून मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि तो राग होता. वैद्यबुवा, पैजेचा पार सत्यानाश केलात तुम्ही! आता कोण जिंकलं? तुमच्या ओळीवर भुरी आली, माझ्या ओळीवर नाही, म्हणजे खुडणं आणि वारा हेच खरं? की माझ्या पानांखाली तुमचं गंधक उरलं होतं म्हणून मी वाचलो? तुम्ही आजारी पडल्यावर दोन्हीकडचं गंधक बंद झालं, हे खरं. पण माझी झाडं मोकळी होती आणि तुमची दाट होती. म्हणजे दोन्ही लागतं? की एकच पुरे? हे आता कधीच कळायचं नाही. इतक्या वर्षांचा चांगला चालता वाद तुम्ही शेवटच्या हंगामात बिघडवून ठेवलात आणि भांडायला जागेवर राहिला नाहीत. "उलटून बघा" म्हणालात. सरळ सांगायला काय झालं होतं? मी तुमच्या रिकाम्या दारासमोर उभा राहून हे मोठ्यानं बोललो की मनात, तेही आता आठवत नाही.

राग दुपारपर्यंत टिकला. कचेरीत गेलो तोवर पुन्हा सगळं सपाट झालं होतं.

पण काम केलं. दुसऱ्या दिवशी दव असताना तुमच्या ओळीला गंधक मारलं. आधी फार पडलं, मग हात बसला. मनगट नाही, नुसती बोटं हलवायची असतात, हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मग कात्री घेतली आणि तुमच्या झाडांच्या मधल्या फांद्या कापल्या, पांढरी पडलेली टोकं खुडली, पडलेल्या पाकळ्या-पानं गोळा करून चुलीत घातली आणि कापलेल्या ठिकाणी शेण लावलं. तुम्ही असतात तर ओरडला असतात. मी थोडा थांबलो होतो तेवढ्यासाठी. मग माझ्याही ओळीला गंधक मारलं, या वेळी उघड, वरून आणि खालून. आता दोन्ही ओळींना दोन्ही औषधं चालू आहेत. भुरी पुढे सरकलेली नाही. नवी पालवी तांबूस, चकचकीत येते आहे. बहुधा जगतील.

तुमचे आभार मानायचे राहून गेले, तेही इथंच लिहितो. माझी देवाची फुलं इतकी वर्षं कधी खंडली नाहीत. मला वाटत होतं तो माझा गुण आहे. किती पहाटा तुम्ही थंडीत माझ्या झाडांखाली वाकून होतात हे मी वहिनींना विचारलं नाही, विचारणारही नाही. यंदाच केलंत की आधीपासून करत होतात, हेही विचारणार नाही. एवढं एक मला माहीत नसलेलं बरं.

इथवर काल लिहून ठेवलं होतं. आज संक्रांत होती. ठरल्याप्रमाणे सकाळी दोन्ही ओळी तपासल्या. एकट्यानंच. पैजेच्या नियमानं बघितलं तर तुम्ही हरलात: तुमच्या ओळीवर भुरी आली, आणि वर तुम्ही दुसऱ्याच्या ओळीला हात लावलात. ओट्यावर तुम्हाला उभं राहायला हवं होतं. पण तुम्ही येणार नाही हे लक्षात आलं तेव्हा माझे पाय आपोआप तुमच्या पुढच्या दाराकडे वळले. कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं. आणि घाटावर गिळलेलं एक वाक्य माझ्याकडे शिल्लक होतं.

ओट्यावर सखाराम बसला होता. खताची गाडी बाजूला लावून, घोंगडी पांघरून, खोकत. तुम्ही गेल्यावरही तो गावातून आला की सवयीनं तिथं बसतो.

मी म्हणालो, "सखाराम, औषध बंद झालं आता."

"औशद गेलं, पर ऊन हाय की," तो म्हणाला.

मी ओट्यावर चढलो आणि उभा राहिलो. रस्त्यावर तिळगुळाच्या वाट्या घेऊन बायका चालल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे तोंड केलं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तुमची ओळ मी बघतो."

सखारामनं आजूबाजूला पाहिलं. "कुनाला म्हनताय, पंत?"

मी दाराकडेच बघत राहिलो. आत बांगडी वाजायचा आता प्रश्न नव्हता, पण दाराआड कुणी उभं आहे हे मला कळलं. मग वहिनी म्हणाल्या, अगदी तुमच्या सुरात, तुम्ही ताटावरून मान वर करून म्हणायचात तशा:

"मोठ्यानं बोला. ऐकू आलं नाही."

मी मोठ्यानं म्हणायला तोंड उघडलं, नाना, आणि आवाजच फुटेना. सखाराम घोंगडी टाकून उठला, त्यानं मला दंडाला धरून ओट्यावर बसवलं आणि माझं रडणं थांबेपर्यंत तो शेजारी उन्हात बसून राहिला.